एकट्या माणसाचं पान

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

परदेशात पहिल्यांदाच एकट्यानं गेलेल्या माणसाला सगळ्यांत अवघड प्रश्न कोणता वाटत असेल? विमानतळावरचा अधिकारी विचारतो ते प्रश्न तसे सोपे असतात. त्यांची उत्तरं आपण विमानातच घोकून ठेवलेली असतात. अवघड प्रश्न येतो संध्याकाळी सात वाजता, एखाद्या हॉटेलच्या दारात. पोट भुकेनं कळवळत असतं, आतून जेवणाचा वास येत असतो, आणि दारातली मुलगी हसून विचारते, ‘किती जण?’

२००८ च्या सप्टेंबरात कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने जपानमधल्या नागोया शहरात होते. माझं माहेर रत्नागिरीचं, सासर पुण्याचं. वय पस्तिशीच्या आसपास. नोकरी करत होते, प्रवास करत होते, चारचौघांत बोलायला कधी घाबरले नव्हते. पण तोवरच्या आयुष्यात एकदाही मी एकटीनं हॉटेलात जाऊन पोटभर जेवले नव्हते. घाईत वडा-सांबार खाल्लं असेल, एस. टी. स्टँडवर चहा घेतला असेल. पण टेबलाशी बसायचं, मेनूकार्ड वाचायचं, सावकाश जेवायचं आणि उठायचं, हे एकटीनं कधी केलं नव्हतं.

त्यामुळे पहिले आठ दिवस मी खोलीतच जेवले. सोबत चिवडा होता, बेसनाचे लाडू होते, मेतकूट होतं. खोलीत पाणी उकळायची किटली होती. आठव्या दिवशी डबे रिकामे झाले. त्या संध्याकाळी मी एका हॉटेलच्या दारापर्यंत गेले, काचेतून आत बघितलं आणि तशीच परत फिरले. कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचा एक त्रिकोणी गोळा घेतला, ओनिगिरी म्हणतात त्याला, आणि पलंगावर बसून तो खाल्ला. मला भाषेची भीती नव्हती, पैशांची अडचण नव्हती. मग मी परतले ती कशामुळे? त्या रात्री हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि पुढचे अडीच महिने त्याचं उत्तर शोधत हिंडले. आज तेच आपल्याला सांगायचं आहे.

पहिलं कारण आपल्या संस्कारात आहे. आपल्याकडे जेवण ही चारचौघांनी मिळून करायची गोष्ट. पंगत बसते, पान मांडलं जातं, देवाला नैवेद्य, गाईला घास, दारी आलेल्याला चार घास, आणि मग आपण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दानाची थोरवी सांगणारं एक सूक्त आहे. एकट्यानं खाणाऱ्याचं पापही त्याच्या एकट्याचंच, अशा अर्थाचं वचन त्यात आहे. केवळ स्वतःसाठी शिजवणारे पाप खातात, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही सांगितलं आहे. हे सगळं आपल्या हाडीमासी खिळलेलं असतं. पण नीट वाचलं तर या वचनांचा रोख दुसऱ्याला न देता खाणाऱ्यावर आहे. ज्याच्या शेजारी त्या दिवशी कुणी नाही, त्याला कुणी पापी म्हटलेलं नाही. ‘एकलकोंड्यासारखं खाणं’ आणि ‘एकटं जेवणं’ या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, आणि तिची शिक्षा उपाशीपोटी भोगतो.

दुसरं कारण म्हणजे लोकांच्या नजरा. सगळं हॉटेल आपल्याकडेच बघतंय असं आपल्याला वाटतं. यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, किती जणांनी तुझा शर्ट बघितला असेल? शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात लक्षात आला होता तो सुमारे पाव लोकांच्या. म्हणजे ज्या नजरांना आपण भितो त्यांतल्या निम्म्या नजरा आपल्याकडे वळलेल्याच नसतात. हॉटेलात आलेली माणसं आपापल्या ताटाकडे बघत असतात, आपल्याकडे बघायला त्यांना फुरसत कुठली!

तिसरं कारण मला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

नागोयात सकाळच्या कॉफीची एक पद्धत आहे. ‘किस्सातेन’ म्हणजे जुन्या वळणाची कॉफीची दुकानं. सकाळी अकराच्या आत गेलात तर बहुतेक दुकानांत कॉफीच्या पैशांतच जाड भाजलेला पाव आणि उकडलेलं अंडं मिळतं. या पद्धतीचा मान शेजारचं इचिनोमिया हे कापडगिरण्यांचं गाव सांगतं. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून गिरणीवाले व्यवहाराची बोलणी कॉफीच्या दुकानात करू लागले, आणि दुकानदार या नेहमीच्या गिऱ्हाइकांना कॉफीबरोबर अंडं-शेंगदाणे देऊ लागले, अशी तिथली कथा आहे. आपल्या इचलकरंजीत शोभावी अशीच.

मी एका दुकानात शिरले. आत सात-आठ माणसं होती, आणि बहुतेक सगळी एकेकटी. एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, एक आजी नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. मालकिणीनं मला काही न विचारता फळीसारख्या लांब मेजापाशी बसवलं, गरम ओला रुमाल दिला, पाणी दिलं. पावावर लोणी होतं आणि लोण्यावर लालसर गोड पुरण! हो, पुरणच. अझुकी नावाच्या लाल चवळीसारख्या कडधान्याचं, साखर घालून शिजवलेलं. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस मी जिला घाबरत होते ती गोष्ट इतकी साधी होती. मी मुंबईच्या इराण्याकडे बसले असते तर जशी बसले असते, तशीच इथे बसले होते.

तर तिसरं कारण हे की, लाज ही पुष्कळदा माणसात नसून खोलीच्या मांडणीत असते. चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकट्या माणसाला बसवलं की उरलेल्या तीन रिकाम्या खुर्च्या त्याच्याकडे बघत बसतात. तोच माणूस लांब मेजाशी बसला की त्याची जागा पूर्ण भरलेली असते. त्याच्या बाजूला काहीच रिकामं राहत नाही.

जपाननं ही मांडणी फार पूर्वीपासून घडवली आहे. तोक्योचं जुनं नाव एदो. अठराव्या शतकात हे शहर पुरुषांनी भरलेलं होतं. ठिकठिकाणचे सरदार आळीपाळीनं राजधानीत येऊन राहत, त्यांच्याबरोबर त्यांचे सामुराई कुटुंबाला गावी ठेवून येत. शिवाय सुतार, गवंडी, हमाल यांचे तांडे. १७२१ सालच्या मोजणीत एदोच्या नागरी वस्तीत बायकांच्या पावणेदोनपटीहून अधिक पुरुष होते. या एकट्या माणसांसाठी रस्तोरस्ती सोबा, तेंपुरा, सुशी यांच्या गाड्या लागू लागल्या. आज जगभर महागड्या ठिकाणी मिळणारी सुशी मुळात अशी गाडीवर, उभ्याउभ्या, दोन-चार घासांत खायची वस्तू होती. नागोया स्टेशनच्या फलाटावर आजही उभ्यानं खायची किशिमेनची दुकानं आहेत. किशिमेन म्हणजे पट्टीसारख्या चपट्या शेवया. वाफाळत्या कढणात घालून देतात आणि गाडी येईतो माणूस त्या खाऊन मोकळा होतो.

दुसरी गोष्ट ताटाची. चीनमध्ये किंवा कोरियात पदार्थ मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून खायची रीत. एकट्यानं गेलात तर एकच भाजी घ्यावी लागते आणि तीही तिघांना पुरेल एवढी. कोरियात टेबलावरच मांस भाजून देणारी कित्येक हॉटेलं दोन माणसांपेक्षा कमीची मागणी घेतच नाहीत. जपानमध्ये मात्र पूर्वापार प्रत्येकापुढे स्वतंत्र छोटा चौरंग मांडायची चाल होती. त्याचं आजचं रूप म्हणजे ‘तेइशोकु’. एका तबकात भात, मिसो या आंबवलेल्या सोयाबीनचं सार, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. आपलं ताटच की! ताट हे मुळातच एका माणसाचं असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं एकाच्या मापानं. ज्यांच्याकडे ताट आहे त्यांना एकटं जेवणं परकं वाटायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट, न बोलता जेवण मागवायची सोय. खूप दुकानांच्या दारातच एक यंत्र असतं. पैसे घालायचे, चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी येते ती आत द्यायची. जिथे यंत्र नाही तिथे दर्शनी कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. ताकिझो इवासाकी या गृहस्थानं १९३२ साली ओसाकात या प्रतिकृतींचा धंदा सुरू केला. तेव्हा त्या मेणाच्या असत, आता प्लॅस्टिकच्या असतात. भाषा न येणाऱ्या माणसानं मालकाला बाहेर बोलावून बोट दाखवलं की झालं. मी हे कितीतरी वेळा केलं आणि एकदाही कुणी हसलं नाही. फुकुओकातून पसरलेल्या ‘इचिरान’ या शेवयांच्या दुकानांत तर प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना लाकडी आडोसा असतो आणि समोर बांबूचा पडदा. पडद्याआडून दोन हात वाडगा ठेवतात, लवून नमस्कार होतो आणि पडदा खाली येतो. तिथे शेजारी कोण बसलंय हेही कळत नाही. मला मात्र ते जरा फारच वाटलं, परीक्षेला बसल्यासारखं.

पण जपानी माणसाला एकट्यानं जेवायची लाज वाटतच नाही, असा गैरसमज करून घेऊ नका. एकट्यानं जेवताना कुणी बघू नये म्हणून काही कॉलेजचे विद्यार्थी संडासात जाऊन डबा खातात, या गोष्टीची तिथल्या वर्तमानपत्रांत २००९ च्या सुमारास मोठी चर्चा झाली होती. त्याला ‘बेंजो-मेशी’, म्हणजे संडासातलं जेवण, असा शब्दच रूढ झाला. वाचून मला माझा पलंगावरचा ओनिगिरी आठवला. मग २०१२ साली क्योतो विद्यापीठाच्या भोजनगृहात लांब टेबलांच्या मधोमध आडोसे घालून एकट्यांसाठी जागा केल्या गेल्या. विद्यार्थ्यांना उपदेश करण्यापेक्षा सुताराला बोलावणं सोपं पडलं.

शब्दांनीही मदत केली. हॉटेलात एकट्या गिऱ्हाइकाला ‘ओहितोरीसामा’ म्हणतात. हितोरी म्हणजे एकटा माणूस, आणि त्याला आधी व नंतर मानाची अक्षरं जोडलेली. आपण ‘एकटेराव’ किंवा ‘एकट्याबाईसाहेब’ म्हणावं तसं. समाजशास्त्रज्ञ चिझुको उएनो यांनी २००७ साली एकट्या माणसाच्या म्हातारपणावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. ते पुस्तक लाखांनी खपलं. एका फिरत्या विक्रेत्याच्या एकट्यानं जेवण्याच्या हकिकती सांगणारी ‘कोदोकु नो गुरुमे’ ही चित्रकथा १९९४ ते १९९६ या काळात आली, आणि तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका २०१२ पासून गाजली. तिच्यात विशेष काही घडत नाही. एक मध्यमवयीन माणूस भुकेजतो, दुकान शोधतो आणि मन लावून जेवतो. एवढंच.

मी ज्या गोष्टी शिकले त्या थोडक्यात सांगते, कुणाला तरी उपयोगी पडतील. पहिल्या दिवशी गर्दीच्या वेळेआधी जा. सहाला गेलात तर वाढणाऱ्यालाही सवड असते. ‘किती जण’ला बोट एकच दाखवा, पण मान खाली घालू नका. ‘फक्त एक’ म्हणू नका, ‘एक’ म्हणा. लांब मेज असेल तर तिथे बसायला मागा. स्वयंपाक करणारा समोर दिसतो आणि करमणूक होते. जपानमध्ये बक्षिशी द्यायची पद्धत नाही, पैसे ठेवून निघालात तर पोरगं मागे पळत येतं. अमेरिकेत मात्र टेबलाशी वाढलं तर बिलाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम वर द्यायचीच असते. इटलीत बिलात माणशी एक ठरावीक रक्कम निव्वळ बसण्याची लावलेली असते, ती फसवणूक समजून भांडू नका. जर्मनीत भरलेल्या टेबलाशी रिकामी खुर्ची दिसली तर ‘ही जागा रिकामी आहे का’ विचारून अनोळखी माणसांत बसता येतं. फक्त नेहमीच्या मंडळींसाठी राखलेल्या टेबलावर तशी पाटी असते, ती बघावी.

शाकाहारी माणसानं जपानमध्ये जपून असावं. ‘मांस नको’ म्हटल्यावरही कढण बहुधा ‘दाशी’चं असतं. दाशी होते समुद्रातलं शेवाळ आणि कात्सुओबुशी यांच्यापासून. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईतो वाळवलेला. मी कोकणातली, मला तो वास माहेरचा वाटला. ज्यांना चालत नाही त्यांनी बौद्ध मठांच्या परंपरेतलं ‘शोजिन’ जेवण शोधावं, ते मांस-मासे वर्ज्य मानणारं असतं. आणि काड्या भातात उभ्या खुपसून ठेवू नका. तसा भात तिथे मृतासमोर ठेवतात.

एक गोष्ट मात्र मी तिथून कायमची घेऊन आले. जेवणाआधी जपानी माणूस हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतो. मी हे नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. मेजाशी एकटा बसलेला कारकूनही शेजारी कुणी नसताना हे पुटपुटतो. ज्यानं पिकवलं, ज्यानं रांधलं, त्यांना तो सांगत असतो. मग तो एकटा कसा?

मात्र चांगलं मेज मिळालं म्हणजे एकटेपण संपलं, असं नाही. जपानमध्ये २०२० च्या जनगणनेत सुमारे ३८ टक्के घरं एकेकट्या माणसांची निघाली. २०२१ साली त्या सरकारनं एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. हवं तेव्हा एकट्यानं जेवता येणं हे स्वातंत्र्य आहे. रोज, नाइलाजानं, कुणाच्या हाकेवाचून जेवावं लागणं हे दुःख आहे. या दोहोंतला फरक मला परत आल्यावर माझ्याच घरात दिसला.

माझी आत्या पुण्यात एकटी राहायची. यजमान गेलेले, मुलगा परदेशी. २००९ च्या उन्हाळ्यात ती घेरी येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्त फार कमी होतं. त्यांनी विचारलं, ‘आजी, जेवता काय?’ आत्या म्हणाली, ‘चहा-पोळी.’ दोन्ही वेळेला? दोन्ही वेळेला. तीही ओट्याशी उभ्यानं. मी रागावले तेव्हा म्हणाली, ‘अगं, एकटीसाठी कुठे कुकर लावायचा? आणि पान मांडायचं कुणासमोर?’ जिनं पन्नास माणसांच्या पंगती उठवल्या, ती बाई स्वतःसाठी ताट घ्यायला लाजत होती. मी नागोयात आठ दिवस जे केलं, ते ती सहा वर्षं करत होती.

आपल्याकडे एकट्या माणसाची सोय नव्हती असं नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार खानावळीत जेवले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पण त्या पंगतीला बसायचे ते पुरुष. एकट्या बाईनं, त्यातून म्हाताऱ्या बाईनं, बाहेर जेवायचं हे आपल्या हिशेबात कधी आलंच नाही.

नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकट्यानं खाणाऱ्यासमोर आरसा ठेवला तर खाणं अधिक चवदार लागतं आणि माणूस जास्त खातो, म्हाताऱ्यांमध्येही. मी आत्याला ते सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, ‘आरशासमोर बसून टोची मारायला मी काय चिमणी आहे?’

पण तोवर तिचं तिनं वेगळंच काही शोधलेलं होतं. घेरीच्या त्या आजारानंतर मी तिला हट्टानं घराजवळच्या खानावळीत नेलं. महिन्याची कुपनं घेतली. पहिले चार दिवस सोबत गेले, पाचव्या दिवशी मुद्दाम गेले नाही. त्या दिवशी ती दारातूनच परत आली. सहाव्या दिवशीही. सातव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, ‘जेवले गं.’ काय जेवलीस विचारलं तर पोळी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक, असं सगळं ताट तिनं वाचून दाखवावं तसं सांगितलं.

पुढे कितीतरी वर्षं भिंतीजवळची एक खुर्ची तिची होती. ती एकदा मला म्हणाली, ‘आता तो वाढपी मला किती जण म्हणून विचारत नाही. नुसतं “या आजी” म्हणतो, आणि ताट मांडतो.’